जुन्या गाडीसाठी रोडसाइड असिस्टन्स : घ्यावं, की आपल्या मेकॅनिकच्या भरवशावर राहावं?

घोडबंदरी

मंडळी, गाडीचा विमा पुढच्या महिन्यात संपतोय. गाडी २०११ ची, पेट्रोल, छोटी हॅचबॅक, साधे गिअर. (मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढचे पन्नास प्रतिसाद कुठली कंपनी भारी यावरच जातील.) मी रेल्वेने जातो, त्यामुळे गाडी बाबाच चालवतात. रोजचं म्हणजे कासारवडवली ते नौपाडा, आत्याकडे कोपरीला, कधी वाशी. आणि गणपती, शिमगा, मे महिना धरून गावी, चिपळूणच्या पुढे सावर्ड्याला.

एजंट म्हणतो, विम्यातच रोडसाइड असिस्टन्सचं (आरएसए, म्हणजे गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत पाठवण्याचं) अ‍ॅड-ऑन टाकून घ्या, काही शेच रुपये आहेत. बायकोच्या ऑफिसात एकाने वेगळी वार्षिक मेंबरशिप घेतली आहे, ती दीड-दोन हजारांच्या घरात जाते. बाबांचं म्हणणं तिसरंच. बॉनेट उघडून उभं राहायचं, कुणीतरी थांबतंच. १९८५ साली थांबत असेल. गेल्या गणपतीत वडखळच्या अलीकडे आम्ही तसे उभे होतो, तेव्हा जो थांबला त्याने आधी विचारलं, "काका, विकायची आहे का?"

तर एवढ्या जुन्या गाडीवर यातलं काय परवडतं? अनुभव लिहा. कंपन्यांच्या जाहिराती नकोत.

टपरीवरचा चहा

सगळ्यात स्वस्त कव्हर म्हणजे मागच्या सीटवर दोन धट्टेकट्टे मेहुणे. वार्षिक प्रीमियम : दिवाळीचा फराळ.

माजिवडेकर

माझी सेडान २००८ ची, अजून रोज वापरात. आरएसए कधी घेतलं नाही, घेणारही नाही. ठाण्यात गाडी बंद पडून पडणार कुठे? तीन हात नाका, कापूरबावडी, फार तर गायमुखच्या चढावर. कारणंही ठरलेली. बॅटरी बसते, टायर बसतो, क्लचची केबल जाते. बॅटरीवाल्याला फोन केला की तो स्कूटरवर नवी बॅटरी घेऊन येतो, बसवतो आणि जुनीचे पैसे वळते करून घेतो. पंक्चरवाले ढिगाने आहेत. क्लचसाठी वागळे इस्टेटमधला माझा मेकॅनिक पोरगा पाठवतो.

शहरातल्या शहरात टोइंगचे दीड ते अडीच हजार होतात, अंतर आणि वेळ बघून. तेही लागलं तर दोन-तीन वर्षांतून एकदा. तेवढ्यासाठी दर वर्षी आगाऊ दीड हजार भरून ठेवायचे, हे गणित मला जमत नाही. जुन्या गाडीवर एजंट जे जे चिकटवतो, त्यातलं निम्मं त्याच्या कमिशनसाठी असतं.

अवंतिका_ऐरोली

माजिवडेकर काका, तुमचा मेकॅनिक रात्री साडेअकराला फोन उचलतो का? माझा नाही उचलला.

पनवेलहून लग्नाहून येत होते. मुंब्रा बायपासला गाडी बंद. शेजारून जेएनपीटीचे कंटेनर धाडधाड जातायत, मागे मुलं झोपलेली, नवरा बंगळुरूला. मेकॅनिकचा फोन बंद, त्याच्या पोराचाही बंद. तेव्हा आठवलं की विम्याबरोबर हे काहीतरी घेतलं होतं. कॉल सेंटरने लोकेशनची लिंक पाठवली, येणाऱ्या माणसाचं नाव आणि गाडीचा नंबर मेसेजवर आला. पाऊण तास सांगितला होता, सव्वा तास लागला. पण मधे दोनदा त्यांनीच फोन करून विचारलं, ताई, सुरक्षित जागी आहात ना? आल्यावर जम्प स्टार्ट दिला (दुसऱ्या बॅटरीला जोडून गाडी सुरू केली), घरापर्यंत इंजिन बंद करू नका म्हणाला, गेला. एक पैसा घेतला नाही.

एका गोष्टीवर मात्र अडकले होते. ओटीपी पॉलिसीतल्या रजिस्टर्ड मोबाइलवर गेला, म्हणजे नवऱ्याच्या. तो विमानतळावर होता म्हणून बरं, विमानात असता तर? घोडबंदरी, तुमच्याकडे पॉलिसी तुमच्या नावावर आणि गाडी बाबांच्या हातात. हे आधी विचारून घ्या.

कोपरीकर

ओटीपीचा मुद्दा कुणाच्या डोक्यातच येत नाही. धन्यवाद ताई.

पामबीच

दोघांशीही अर्धा अर्धा सहमत. ठाणे, नवी मुंबईत माजिवडेकरांचं गणित बरोबर आहे. रात्री-अपरात्री अवंतिका यांचं. पण घोडबंदरींचा खरा प्रश्न सावर्ड्याचा आहे आणि तिथे एकच गोष्ट बघायची : टोइंग किती किलोमीटर, आणि कुठपर्यंत.

माझ्याकडे एका कंपनीचं कव्हर होतं (नाव घेत नाही). माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात "मोफत टोइंग". माणगावच्या पुढे गाडीने गिअर घेणं सोडलं. माणूस आला, वेळेत आला, नम्रही होता. म्हणाला, सर, नियमात "जवळचं गॅरेज" आहे. तुम्हाला नेरुळला न्यायची असेल तर पंचवीस किलोमीटर फुकट, पुढे प्रत्येक किलोमीटरला पैसे, आणि परतीचेही. माझी गाडी ऑटोमॅटिक. जवळच्या गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलं आणि हात जोडले. शेवटी खिशातून पैसे भरून नेरुळला आणली. बिल ऐकून बायको म्हणाली, एवढ्यात तिथे जागा घेतली असती.

आणखी एक. ऑटोमॅटिक असेल तर इंजिनाने फिरणारी चाकं (बहुतेक छोट्या गाड्यांत पुढची) जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला तेल मिळत नाही आणि आतलं सगळं घासून निघतं. फ्लॅटबेड, म्हणजे पूर्ण गाडी वर चढवणारी व्हॅन, मिळेल का हे कव्हर घेतानाच विचारा. बऱ्याच स्वस्त कव्हरात नुसती एका बाजूची चाकं उचलणारी गाडी येते.

टपरीवरचा चहा

माणगावला जागा? भाव विचारून धागा काढा.

स्टेपनी

विमा हाच माझा पोटापाण्याचा धंदा. एजंट नाही, क्लेमच्या बाजूला आहे. इथे बरीच सरमिसळ होते म्हणून थोडं लांबण लावतो.

आरएसएची मदत घेतली म्हणजे विम्याचा क्लेम केला असं होत नाही. एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सवलत, त्याने जात नाही. ही सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जाते आणि जुन्या गाडीवाले ती जपून असतात. आमच्याकडे लोक घाबरत विचारतात, जम्प स्टार्ट मागवला तर एनसीबी जाईल का? नाही जाणार.

दुसरं, हे अ‍ॅड-ऑन बहुतेक कंपन्या फुल इन्शुरन्सवरच देतात. गाडी जुनी झाली म्हणून कुणी नुसत्या थर्ड पार्टीवर (फक्त दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्यावर) आला असेल तर त्याला वेगळी मेंबरशिपच बघावी लागते. थर्ड पार्टी काही टळत नाही. ती कायद्याने सक्तीची आहे, नसताना पकडलं तर पहिल्या वेळेला दोन हजार दंड.

तिसरं, गाडी पाच वर्षांची होईपर्यंत आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, ठरलेल्या घसाऱ्याने उतरतो. त्यापुढे तो कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायचा असतो. एजंट वाटेल तो आकडा टाकतो आणि आपण सही करतो. २०११ च्या गाडीचा आयडीव्ही उगाच फुगवला असेल तर प्रीमियम जास्त जाईल, आणि तो कमी केल्यावर जे वाचेल त्यात आरएसए निघून येईल. उलट फार खाली आणू नका, गाडी चोरीला गेली तर तेवढेच हातात येतात. झिरो डेप (घसारा न कापता पार्टचे पैसे देणारं कव्हर) या वयाच्या गाडीला सहसा मिळतही नाही, त्यामुळे तो मोह आपोआप टळतो.

आता आरएसएच्या नियमांबद्दल. जाहिरातीत "वर्षाला चार सेवा" वगैरे आकडा मोठा दिसतो. त्याला फार भुलू नका. ज्याची गाडी वर्षात चारदा रस्त्यावर बसते त्याला कव्हर नाही, दुसरी गाडी हवी. वयाची अट बघा. काही ठिकाणी दहा वर्षं, काही ठिकाणी पंधरा. घराच्या पार्किंगमध्ये गाडी सुरूच झाली नाही तर येतात का, ते बघा. घेतल्या दिवसापासून लागू होतं की काही दिवसांनी, तेही बघा, कारण रस्त्यात उभं राहून ऑनलाइन मेंबरशिप घेणारे महाभाग असतात आणि कंपन्यांना ते पक्कं ठाऊक आहे. पार्टचे पैसे, पेट्रोलचे पैसे, टोलचे पैसे सहसा कुणी देत नाही. येण्याचे आणि मजुरीचे तेवढे देतात.

आणि "टॅक्सीने घरी सोडू, हॉटेलचा खर्च देऊ" या ओळीपाशी थांबून वाचा. बंद पडलेली जागा घरापासून अमुक इतकी लांब हवी, गाडी त्याच दिवशी दुरुस्त होण्याजोगी नसली पाहिजे, अशा अटी तिला जोडलेल्या असतात.

नौपाडा_नॉर्थ

वाचनखूण साठवली.

कळंबोली कट्टा

१४ वर्षांची गाडी? पुढच्या वर्षी तशीही भंगारात जाणार. कव्हर कशाला घेताय, पेढे वाटा आणि नवीन घ्या.

स्टेपनी

ते दिल्लीचं. तिथे डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची गोष्ट निघाली होती. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, ती संपली की आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. फी मात्र १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून थेट ५००० झाली, वर पर्यावरण कर वेगळा. गाडी धडधाकट असेल तर एमएच-०४ असो की एमएच-४३, चालत राहते.

कळंबोली कट्टा

बरं बुवा. पण नव्या नंबरप्लेटी बसवल्या का सगळ्यांनी?

टपरीवरचा चहा

बसवली. आता गाडीत तेवढीच एक वस्तू नवीन आहे.

लेस्टरवाला

मूळचा चरईचा, आता इंग्लंडात. आई-बाबा अजून ठाण्यात, म्हणून धागा वाचतोय.

इथे हा प्रकार मोटारीच्याच वयाचा आहे. इथल्या मदत देणाऱ्या दोन जुन्या संस्था, आरएसी १८९७ ची, एए १९०५ ची. मी आलो तेव्हा नऊ वर्षांची सेकंडहँड गाडी घेतली आणि सगळ्यात स्वस्त कव्हर घेतलं. नंतर नियम वाचताना कळलं की साध्या कव्हरात घरापासून पाव मैलाच्या आत बंद पडली तर कुणी येत नाही, त्याला "होम स्टार्ट" वेगळं घ्यावं लागतं. जुनी गाडी थंडीत सकाळी दारातच बसते, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गरज तिथेच कव्हर नाही. टोइंगही साध्यात साधारण १० मैल किंवा जवळचं गॅरेज. देशात कुठेही, हव्या त्या गॅरेजला न्यायची असेल तर वरची पायरी. त्यामुळे स्टेपनी आणि पामबीच यांनी जे लिहिलं ते इथेही अगदी तसंच.

एक पर्याय इथे सर्रास मिळतो, तो तिकडे कुणी देतो का? कव्हर गाडीवर न घेता माणसावर घ्यायचं. मग तो माणूस ज्या गाडीत असेल, मित्राच्या का होईना, त्या गाडीला मदत मिळते. घरात दोन जुन्या गाड्या असतील तर स्वस्त पडतं. आणि इथे गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी सक्तीची तपासणी असते, त्यामुळे जुन्या गाड्यांचे टायर-ब्रेक तरी कुणीतरी बघतं. तिकडे थेट पंधराव्या वर्षी.

माजिवडेकर

आपल्याकडे मेंबरशिपची जुनी चाल म्हणजे वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन, १९१९ ची. आमचे साहेब मेंबर होते, परदेशात गाडी चालवायचा परवाना तिथूनच काढायचे. बाकी हल्लीचं सगळं गाडीच्या नंबरावर असतं, माणसावर घेतलेलं मी तरी बघितलं नाही.

आणि लेस्टरवाले, चरईत कुठे?

लेस्टरवाला

दत्तमंदिराच्या बाजूला. आता सांगू नका तुम्ही पण तिथलेच.

माजिवडेकर

शाळा तिथूनच चालत जायचो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

डेपोवाला

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. खोपटला बरीच वर्षं काढली. मुलगा सांगतो म्हणून इथे लिहितो, टायपिंग हळू आहे.

तुम्ही सगळे गाडी बंद पडल्यावरचं बोलताय. १४ वर्षांच्या गाडीत बंद काय पडतं ते आधी बघा. इंजिन सहसा नाही. रबर जातं. रेडिएटरचे होज पाइप बाहेरून काळे कुळकुळीत दिसतात, पण इंजिन गार असताना दाबून बघा. कडक झाले असतील किंवा क्लिपेजवळ फुगले असतील तर घाटात फुटणार. कशेडीला, परशुरामला जी गाडी बॉनेट वर करून वाफ सोडत उभी असते, तिचा पाच-सहाशे रुपयांचा पाइप असतो किंवा रेडिएटरचा पंखा फिरत नसतो. फॅन बेल्टला उलट बाजूने भेगा बघा. कूलंटच्या जागी नळाचं पाणी ओतलेलं असेल तर आतून गंज धरतो.

बॅटरी तीन ते पाच वर्षं. त्यापुढे ती चालतेय हे तुमचं नशीब. इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. कमी असतील तर दोष अल्टरनेटरकडे (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राकडे) आहे, आणि मग नवीन बॅटरीही उतरेल. लोक दोन बॅटऱ्या बदलतात आणि मग अल्टरनेटर उघडतात.

टायरवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तुमच्या बाबांसारखं कमी चालवणाऱ्यांचे टायर झिजत नाहीत, नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर तडकलेलं असतं. स्टेपनीचे आकडेही बघा, ती बऱ्याचदा गाडीबरोबर आलेलीच असते.

जम्पर केबल डिकीत ठेवा. लाल आधी बंद गाडीच्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून गॅस निघतो, तिथे ठिणगी नको.

हे सगळं करून जे उरेल त्यासाठी कव्हर घ्या.

अवंतिका_ऐरोली

काका, हा प्रतिसाद प्रिंट काढून गाडीत ठेवण्यासारखा आहे.

कोपरीकर

आत्ता खाली जाऊन स्टेपनी बघून आलो. आकडे सांगत नाही.

कळंबोली कट्टा

रबर जाण्याचं कारण काका लिहायला विसरले. इथेनॉल. वीस टक्के मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून जुन्या गाड्यांचं वाटोळं झालंय.

पामबीच

रेडिएटरच्या पाइपात पेट्रोल कुठून येतं म्हणे?

कळंबोली कट्टा

फ्युएल पाइपबद्दल बोलतोय मी. आणि अ‍ॅव्हरेज पडलं त्याचं काय?

डेपोवाला

अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच, इथेनॉलमध्ये दम कमी. जुन्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप आणि सील सर्व्हिसिंगला बघून घ्यावेत, पेट्रोलचा वास आला तर गाडी तशी चालवू नये. वाटोळं वगैरे काही मी पाहिलेलं नाही.

कळंबोली कट्टा

तुम्ही डिझेलवाले, तुम्हाला काय कळणार. सगळं ठरवून चाललंय, नवीन गाड्या खपवायला...

व्यवस्थापक

इथेनॉलवर तीन धागे आधीच चालू आहेत. या धाग्याचं काश्मीर (न संपणारा वाद) करू नका. यापुढचे अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

टपरीवरचा चहा

पॉपकॉर्न परत डब्यात.

नौपाडा_नॉर्थ

पावसाळ्याचं कुणीच लिहिलं नाही. वंदना टॉकीजपाशी पाणी भरतं तेव्हा आमच्या सोसायटीतल्या तीन-चार गाड्या दर वर्षी बसतात. आरएसएवाले येतात का?

स्टेपनी

बोलावून बघा, पण पाणी साचलेल्या जागी त्यांची व्हॅनच शिरत नाही. पुरातली गाडी बाहेर काढणं बऱ्याच कव्हरांत वगळलेलं असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाण्यात बंद पडलेली गाडी परत चावी मारून सुरू करू नका. पाणी इंजिनात ओढलं जातं, ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग कंपनी म्हणते हे नुकसान पाण्याने नाही, तुम्ही चावी मारल्याने झालं. इंजिन प्रोटेक्ट नावाचं अ‍ॅड-ऑन यासाठीच असतं, पण जुन्या गाडीला तेही मिळणं अवघड. गाडी न्यूट्रलला टाकायची, ढकलत कोरड्या जागी आणायची आणि मग टो करून गॅरेजला न्यायची.

टपरीवरचा चहा

ढकलायला माणसं लागतातच म्हणजे. मी काही बोललो नाही.

खारघर_हिल्स

सीएनजी गाडीला काही वेगळं असतं का? माझी २०१२ ची आहे.

पामबीच

इंधन संपलं तर ते पाच लिटरपर्यंत पेट्रोल आणून देतात, पैसे आपले. सीएनजी कुणी कॅनमध्ये आणून देत नाही. म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका. बरेच सीएनजीवाले ठेवतात, आणि मग गाडीतला फ्युएल पंपही जळतो. सिलिंडरची तीन वर्षांची टेस्ट झाली नसेल तर पंपावर गॅसच भरून मिळणार नाही, ते वेगळं.

घोडबंदरी

मंडळी, कामात होतो म्हणून उशीर. सगळे प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. डेपोवाल्यांचा दोनदा वाचायला लावला.

दोन्हीकडे फोन करून तुमचेच प्रश्न विचारले. विम्याचं अ‍ॅड-ऑन : पंधरा वर्षांपर्यंतची गाडी चालते, घरच्या पार्किंगमध्येही येतात, टोइंग जवळच्या गॅरेजपर्यंत आणि पन्नास किलोमीटरची मर्यादा. मेंबरशिप : शंभर किलोमीटर, त्याच्या आत गॅरेज आपण निवडायचं, पण पहिले काही दिवस लागू नाही, आणि आमच्या भागात फ्लॅटबेड "उपलब्ध असल्यास". ओटीपीचं विचारल्यावर दोन्हीकडची मुलगी क्षणभर गप्प. मग म्हणाली, पर्यायी नंबर नोंदवता येतो. अवंतिका ताई, तुमच्यामुळे.

मी मेंबरशिपकडे झुकलोय. शंभर किलोमीटर म्हणजे निदान माणगावहून पनवेलपर्यंत तरी येईल.

डेपोवाला

पनवेलला आणून काय करणार? पामबीच यांची ऑटोमॅटिक होती, तिला जाणकार लागतो. तुमची साधी गिअरची पेट्रोल हॅचबॅक. अशी गाडी उघडणारा माणूस महाडला आहे, माणगावला आहे, चिपळूणला तर रांगेने आहेत. पार्टही मिळतात. तुम्ही निघालात गावाला, गाडी परत ठाण्याकडे कशाला आणता? पन्नास किलोमीटरमध्ये एक तरी मोठं गाव येतं.

वाचलेल्या पैशात होज पाइप आणि फॅन बेल्ट बदला.

पामबीच

हे पटलं. माझा सल्ला ऑटोमॅटिकवाल्यांसाठी आणि ज्यांचे पार्ट फक्त शोरूममध्ये मिळतात त्यांच्यासाठी समजा. साध्या गाडीला जवळचं गॅरेज पुरतं.

फक्त गणपतीत त्या रस्त्यावर टोइंग व्हॅनसुद्धा आपल्याच रांगेत अडकलेली असते, हे धरून चाला. त्या दिवसांत सरकार महामार्गावर मदत केंद्रं उभी करतं, क्रेन असतात. आणि राष्ट्रीय महामार्गाचा १०३३ नंबर बाबांच्या मोबाइलमध्ये घाला. ते गाडी रस्त्यातून काढून सुरक्षित जागी ठेवतात. गॅरेजपर्यंत नेण्याचं काम त्यांचं नाही. तोवर तुमचा माणूस येतो.

अवंतिका_ऐरोली

आणि तोवर गाडीत बसून राहू नका. त्रिकोण बराच मागे ठेवायचा, हॅझर्ड दिवे लावायचे आणि सगळ्यांनी डावीकडून उतरून कठड्याच्या पलीकडे जायचं. आम्ही त्या रात्री मुलांना घेऊन तेच केलं.

माजिवडेकर

बघा, काही शे रुपयांवर आलं शेवटी. तेवढ्याला माझाही विरोध नाही. पण मी घेणार नाही.

घोडबंदरी

ठरलं मग. अ‍ॅड-ऑन घेतो, पर्यायी नंबर बाबांचा. आयडीव्ही एजंटने खरंच फुगवला होता, स्टेपनी यांच्या सांगण्यावरून खाली आणला, त्यात अ‍ॅड-ऑन निघालं. शनिवारी गाडी पाइप आणि बेल्टला टाकतोय. कॉल सेंटरचा नंबर मोठ्या अक्षरात काढून सनव्हायझरला चिकटवला आहे. बाबा म्हणाले, गाडी विकायला काढल्यासारखी दिसते.

बॅटरी साडेचार वर्षांची निघाली. माजिवडेकर, तो स्कूटरवाला बॅटरीवाला घोडबंदर रोडला येतो का?

माजिवडेकर

कासारवडवलीपर्यंत येतो, पुढे नाही. नंबर व्यनि केला आहे. माझं नाव सांगा, जुनीचे बरे पैसे देईल.

कोपरीकर

मलाही व्यनि करा. माझी २०२० ची आहे.

डेपोवाला

२०२० ची? व्यनिची वाट कसली बघताय, खाली उतरा आणि नाक्यावरच्या दुकानातून बदलून घ्या.